पाणी जातं, गाळ राहतो

रिटायर होऊन तीन महिने झाले आणि या तीन महिन्यांत निदान दहा जणांनी विचारलं असेल की तुम्ही नदीवर काम करायचात म्हणजे पाणी तपासायचात का. नाही हो, पाण्याशी माझा तसा संबंध कमीच आला. पाणी येतं आणि जातं, जाताना मागे जे टाकून जातं त्यावर माझी सगळी नोकरी झाली. गाळ, वाळू, गोटे, धोंडे आणि कातळात पडलेली भोकं. नदी जमिनीला आकार कसा देते, कुठे खणते, कुठे भरते आणि मुख्य म्हणजे हे सगळं नेमकं कधी करते, हा विषय. भूरूपशास्त्र म्हणतात त्याला, घरीदारी मी 'नदीचा इतिहास' एवढंच सांगते.

सुरुवात कुठून झाली ते मला पक्कं माहितीये. माझं आजोळ पुण्यात नारायण पेठेत, नदीपासून चालत पाच मिनिटांवर. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचं धरणही गेलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये घुसलं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण आजोळी प्रत्येक गोष्ट पानशेतच्या आधीची आणि पानशेतच्या नंतरची अशीच सांगितली जायची. आजीचा एक पितळी डबा होता पुरातून वाचलेला, दर दिवाळीला ती तो चिंचेने घासून लख्ख करायची पण बुडाच्या दुमडीत बसलेला करडा गाळ काही हटायचा नाही. आठ-नऊ वर्षांची असताना मी केसातला आकडा घेऊन तो कोरायला बसले तर भस्मासारखी पूड निघाली, बोटाला लागली की मऊ मऊ. मी म्हटलं, आजी, एवढं घरं पाडणारं पाणी आणि ठेवून गेलं ते इतकं मऊ? तर आजी म्हणाली, "अगं पाणी पळत असतं तोवर धोंडे नेतं, थांबलं की मग असलं बारीक सोडून देतं." पुढे एम.एस्सी.ला गाळ बसायच्या वेगाची समीकरणं आली तेव्हा मला ती कधीच परकी वाटली नाहीत, आजीचं वाक्य आधीच डोक्यात बसलेलं होतं.

आम्ही ऐंशीच्या दशकात शिकलो तेव्हा नद्यांचं जे शास्त्र शिकवायचे ते बरंचसं अमेरिकेतल्या नद्यांवर बेतलेलं. १९६० साली वुलमन आणि मिलर यांनी एक मुद्दा मांडला होता तो तर आम्हाला तोंडपाठ होता, की नदीचं बहुतेक काम महापूर करत नाहीत, वर्षा-दोन वर्षांनी येणारे मधले पूर करतात, काठोकाठ भरून वाहणारे, कारण ते सारखे येतात आणि थोडं थोडं करत त्यांची बेरीज मोठी होते. मला हा युक्तिवाद आजही आवडतो आणि त्यांनी पाहिलेल्या नद्यांना तो लागूही पडतो. पण मी ज्या नद्या बघत वाढले त्यांचं वागणं असं नव्हतंच. कुकडी, घोड, भीमा बघा, आठ महिने पाण्याची नुसती रेघ, कुठे डोहात साठलेलं पाणी, मधे उघडा कातळ, आणि मग जुलै-ऑगस्टात चार दिवस असे येतात की पूल बंद, एसट्या बंद, सगळ्या वर्षाचा हिशोब त्या चार दिवसांत होतो, आणि काही वर्षं ते चार दिवसही येत नाहीत.

त्यात आपला कातळ बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर, साधं वाहतं पाणी त्याला काही करू शकत नाही. आणि पाऊस तर असा की महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर आणि घाट उतरून वाईला आलात की त्याचा छोटासा हिस्सा. म्हणजे नदीचं पाणी येतं घाटमाथ्यावरून आणि ती वाहते कोरड्या मुलखातून. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, पण ही बाई पूर्वेला वळते आणि जवळपास दीड हजार किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. कृष्णेचंही तेच, भीमेचंही तेच (भीमा आधी कृष्णेला मिळते एवढंच). हे नकाशात सगळ्यांनी बघितलेलं असतं, मी दरवर्षी पहिल्या लेक्चरला मुलांना फळ्यावर काढायला लावायचे आणि दरवर्षी एखादी मुलगी खडू हातात धरून थांबायची आणि विचारायची, मॅडम, पण जवळचा समुद्र सोडून एवढ्या लांब का? त्या मुलीकडे माझं वर्षभर लक्ष असायचं.

कातळ कसा कापला जातो हे निघोजला जाऊन कळतं. पारनेर तालुक्यात, पुणे आणि नगर जिल्ह्यांच्या सीमेवर कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत, मळगंगा देवीचं मंदिर आहे तिथे. रांजण हे नाव अगदी बरोबर, तोंड अरुंद, पोट मोठं. लोक वरून बघतात, फोटो काढतात आणि जातात. मी पहिल्यांदा गेले ती मे महिन्यात, कातळ तापलेला, टॉवेल अंथरून त्यावर पालथी पडले आणि एका लहान खळग्यात खांद्यापर्यंत हात घातला. तळाशी थंडगार पाणी आणि त्यात पाच-सहा गोटे, लिंबाएवढे, सुपारीसारखे गुळगुळीत. खळग्याची भिंत आतून हाताला अशी लागत होती जशी कुंभाराच्या मडक्याची आतली बाजू लागते, गोल गोल वळ्या. ते गोटे म्हणजे नदीची हत्यारं. पुरात भोवरा धरला की हेच गोटे गरगर फिरतात आणि जात्यासारखं कातळ दळतात, पूर ओसरला की तळाशी पडून राहतात पुढच्या पुराची वाट बघत. दोन खळगे रुंदावत एकमेकांना भिडतात, मधली भिंत पडते, मग तिसरा मिळतो, अशी करत करत नदी कातळात घळ पाडते. आता विचार करा की मुठीएवढा दगड फिरवायला किती जोर लागेल. काठोकाठ नुसतं संथ भरलेलं पाणी ते करत नाही. त्या दुपारी त्या कातळावर पडल्या पडल्या मला वाटलं की आपल्या नद्यांच्या बाबतीत सगळा प्रश्न मोठ्या पुराचा आहे, आणि पुढची तीस-बत्तीस वर्षं मी त्याच प्रश्नाच्या मागे गेले.

नव्वदच्या दशकात नर्मदेवर या प्रश्नावर फार महत्त्वाचं काम झालं. पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे, अ‍ॅरिझोनाचे व्हिक्टर बेकर, लिसा एली, येहुदा एन्झेल आणि डेक्कन कॉलेजचे राजगुरू, ही मंडळी नर्मदेच्या दगडी घळींमध्ये जुन्या पुरांचा गाळ शोधत होती. मी त्या टीममध्ये नव्हते, पण आमच्या गाइड सरांबरोबर दोनदा नर्मदेवर गेले आणि हे काम कसं चालतं ते तिथे डोळ्यांनी पाहिलं. नावाड्याला सरांनी सांगितलं की आम्हाला नदीच्या मधे जायचं नाही, ओढे जिथे नदीला मिळतात तिथे तिथे थांब. तो जरा चकितच झाला, मग "नर्मदे हर" म्हणून नाव काठाला वळवली.

ओढ्याची तोंडं का, तर महापूर आला की मुख्य नदी इतकी वर चढते की पाणी उलटं ओढ्यात शिरतं, आत शिरलेलं पाणी थबकतं, आणि थबकलेलं पाणी काय करतं ते माझ्या आजीने सांगितलेलंच आहे. बारीक वाळू आणि पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाडसर गाळ, तिथे बसतो. पूर गेला की तो थर जागच्या जागी, पुढचा महापूर आला की त्याच्यावर दुसरा. लहान पुरांचं पाणी तेवढ्या उंचीपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे तिथे फक्त मोठ्या पुरांची नोंद राहते. खाली नदीपात्रात सगळं दरवर्षी धुऊन निघतं, तिथे हे मिळत नाही. आणि थर जेवढ्या उंचीवर आहे निदान तेवढं तरी पाणी चढलं होतं हे नक्की, मग त्या जागी घळीची रुंदी-खोली मोजायची, उतार मोजायचा आणि हिशोब करायचा की सेकंदाला किती पाणी गेलं असेल.

मोठा पूर म्हणजे किती मोठा? सप्टेंबर १९७० मध्ये नर्मदेला पूर आला होता तेव्हा गुजरातमधल्या गरुडेश्वरला सेकंदाला सुमारे ६९ हजार घनमीटर पाणी मोजलं गेलं. आपल्याकडे उन्हाळ्यात गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरा, तसे जवळपास सात हजार टँकर, दर सेकंदाला. घळीत काठावर माणसाच्या उंचीचे धोंडे एकावर एक कलून बसलेले असतात, सगळे एकाच दिशेला झुकलेले, पत्ते पसरावेत तसे, ते कोणी रचलेले नाहीत, पाण्याने आणून ठेवलेत.

थर वाचायचं काम मात्र हळू आणि हातांचं. आधी काठाचा उभा काप खुरप्याने साफ करायचा, मग थापीने अगदी हलक्या हाताने घासत यायचं वरून खाली, मग पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. ओलं असताना थर दिसत नाहीत, वाळायला लागले की दिसतात, कारण वाळू आधी सुकते आणि चिकणमाती ओल धरून ठेवते, त्यामुळे फिकट-गडद-फिकट अशा रेघा एकेक करून उमटायला लागतात. मी हे शेकडो वेळा बघितलंय आणि दर वेळी श्वास रोखून बघितलंय. दोन थरांच्या मधे मुळांची छिद्रं असतील, मुंग्यांची बिळं असतील तर समजायचं की त्या दोन पुरांच्या मधे बरीच वर्षं गेली, झाडोरा उगवला. वरून दुसऱ्या थरात आम्हाला प्लॅस्टिकची पिशवी मिळाली होती, म्हणजे तो थर आमच्या हयातीतला. आणि पोयटा आहे की चिकणमाती असा वाद झाला तर चिमूटभर तोंडात टाकायची, दातांखाली कचकचलं तर पोयटा, लोण्यासारखं विरघळलं तर चिकणमाती. माझ्या मुलीला लहानपणी वाटायचं की आई माती खाण्याचा पगार घेते.

वय काढणं हे सगळ्यात अवघड. थरात कोळशाचा तुकडा मिळाला तर कार्बन डेटिंग होतं. नाही मिळाला तर वाळूच्या कणांवरून, म्हणजे क्वार्ट्‌झच्या कणाने शेवटचा सूर्यप्रकाश कधी बघितला ते काढता येतं, कण गाळाखाली गाडला गेला की त्याच्यात हळूहळू ऊर्जा साठायला लागते, लॅबमध्ये ती मोकळी करून मोजायची. पण उजेड लागला की सगळं पुसलं जातं, म्हणून लोखंडी पाइप कापात ठोकायचा, वर काळं कापड धरायचं, दोन्ही तोंडं बंद करून काळ्या पिशवीत टाकायचं. त्यात आपल्या बेसॉल्टच्या मुलखात क्वार्ट्‌झ मुळातच कमी, नर्मदेला तो विंध्य-सातपुड्याच्या वालुकाश्मातून मिळतो तसा घोड-कुकडीला मिळत नाही. एका उन्हाळ्यात मी अकरा पाइप घेतले, बावीस दिवसांचं काम, आणि प्रवासात एका ठिकाणी तपासणीच्या नावाखाली माझ्या मागे सगळी तोंडं उघडली गेली. लेबलवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. मी त्या रात्री जेवले नाही. पुढचा सीझन मिळायला वर्ष गेलं, आणि त्या वर्षीच्या पावसात त्यातला एक काठ कोसळला, त्यामुळे तिथलं पुन्हा काही घेताच आलं नाही. हे अजून आठवलं की पोटात कालवतं.

पण त्या नर्मदेच्या आणि तापीच्या कामातून जे निघालं ते मला आपल्याकडच्या शास्त्रातलं फार मोलाचं वाटतं. पूर वर्षांवर सारखे वाटून दिलेले नसतात, ते झुंडीने येतात. काळे आणि बेकर यांनी २००६ मध्ये मांडलं की ज्याला लघु हिमयुग म्हणतात त्या काही शतकांपूर्वीच्या थंड काळात मध्य आणि पश्चिम भारतातल्या नद्यांना मोठे पूर आल्याच्या खुणाच मिळत नाहीत, तो काळ विलक्षण शांत होता. म्हणजे नदी पिढ्यान् पिढ्या गप्प राहू शकते आणि मग उठू शकते. आपण मात्र मोजपट्टी लावून बसलो त्याला बहुतेक ठिकाणी पन्नास-साठ वर्षं झालीत, आणि तेवढ्यावरून ठरवतो की नदी इथपर्यंत येते, याच्यापुढे नाही.

कुकडीवर तर काळाचा आवाका अजूनच वाढतो. निघोजच्या वरच्या अंगाला जुन्नर तालुक्यात बोरी गाव आहे, तिथे नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडलेला आहे. सह्याद्रीतली नव्हे ती राख, सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, समुद्र ओलांडून आलेली. टोबाचा सगळ्यात मोठा स्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा, बोरीची राख त्याच स्फोटाची की त्याच्याही आधीच्या यावर डेक्कन कॉलेजच्या आणि बाहेरच्या अभ्यासकांत बरीच वर्षं वाद झालाय, कारण तिथेच अश्मयुगीन हातकुऱ्हाडीही मिळाल्यात आणि राखेचं वय बदललं की माणसांचं वय बदलतं. मला वादापेक्षा ती राख टिकली याचं नवल वाटतं. उघड्यावर पडलेली सगळी वाऱ्या-पावसाने गेली, नदीच्या थांबलेल्या पाण्यात पडली तेवढी राहिली.

घरच्यांनी हे सगळं कसं चालवून घेतलं ते मलाच माहिती. फिल्ड नेहमी एप्रिल-मे, कारण पाणी तेव्हा सगळ्यात कमी, आणि मुलीच्या सुट्ट्याही तेव्हाच. सासूबाई तिला सांभाळायच्या, आणि मी झेडपीच्या शाळेच्या वर्गात सतरंजी टाकून झोपायचे, सकाळी सहाला नदीवर, अकराला उन्हं चढली की परत. सासूबाईंनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही, उलट आले की विचारायच्या, "सापडला का गं तुझा पूर?"

आणि गावातल्या लोकांनी मला जितकं शिकवलं तितकं फार थोड्यांनी शिकवलं असेल. घोडनदीच्या काठी एका शेतकरी आजोबांच्या मळईत, म्हणजे नदीने गाळ टाकून केलेल्या काठच्या जमिनीत, मी काप घेत होते, पूर्ण दुपार ते बांधावर बसून बघत होते. संध्याकाळी म्हणाले, "बाई, तुम्ही उकरताय ते समदं पुराचंच हाय. आमच्या आज्यानं हितं पीक घेतलं पण घर न्हाई बांधलं. घर त्या तिकडं, टेकाडावर." मी मान वर करून बघितलं, जुनं गावठाण खरंच सगळं टेकाडावर, आणि नवी वस्ती, मंगल कार्यालय, पेट्रोल पंप सगळं खाली मळईत. माझ्या कापातला सगळ्यात वरचा जाड थर आणि त्या जुन्या गावठाणाचं जोतं, मधे दोन-अडीच मीटरचं अंतर. त्या माणसांनी कोणतंही मशीन न लावता बरोबर रेघ ओढली होती.

आपल्याकडे सरकारी पूररेषा असतात, निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. लोकांचा समज असा होतो की शंभर वर्षांचा पूर एकदा येऊन गेला की आपली सुटका. तसं नसतं. दर वर्षी शंभरात एक अशी शक्यता, काल आला तरी उद्या येऊ शकतो. तीस वर्षांचं होमलोन घेऊन बरोबर लाल रेषेवर फ्लॅट घेतला तर कर्ज फिटेपर्यंत घरात पाणी यायची शक्यता चारात एक, आणि निळ्या रेषेवर घेतला तर दहात सात. हे गणित मी एका नगरपालिकेत जाऊन सांगितलं होतं, गाळाच्या थरांचा नकाशा घेऊन, फुकट, कोणी मागितला नव्हता तरी. चहा दिला, ऐकून घेतलं, नकाशा ठेवून घेतला. दोन वर्षांनी गेले तर ज्या जागेवर मी लाल पेन्सिलीने खूण केली होती तिथे भराव टाकून प्लॉट पाडलेले होते. मला त्याचा राग आजही आहे आणि तो मी लपवत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, दोन वर्षांत २०२१ ला पुन्हा पूर, तेव्हा टीव्हीवर सगळे म्हणत होते की नदी शहरात घुसली. मळई नदीचीच असते हो, तिनेच गाळ टाकून केलेली, ती अधूनमधून तिच्या जागेत येते.

म्हणून आता रिटायर झाल्यावर एक काम सुरू केलंय आणि त्यात तुमची मदत हवीये. तुमच्या घराच्या, देवळाच्या, शाळेच्या भिंतीवर पुराची रेघ असेल, मग ती १९६१ ची असो की २०१९ ची, तर रंग काढायच्या आधी तिचा फोटो घ्या, जोत्यापासून ती किती उंच आहे ते टेपने मोजा आणि कोणत्या तारखेचं पाणी ते घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारून लिहून ठेवा. गाळाचा थर वय सांगतो पण वरच्या पाण्याची नेमकी उंची सांगत नाही, ती भिंत सांगते, दोन्ही जुळले तरच हिशोब पक्का होतो.

मी स्वतः आजोळापासून सुरुवात केली. मामाने मागच्या वर्षी सगळ्या वाड्याला ऑइल पेंट दिलाय, त्यामुळे जिन्याखालची पानशेतची रेघ गेली. मामी शहाऐंशीची आहे, दिसतं कमी. तिला धरून जिन्यापाशी नेलं, तिने भिंतीवर हात फिरवत फिरवत एका जागी बोट टेकवलं आणि म्हणाली, "इथे. इथे माझा हात पोचायचा नाही पुसायला, म्हणून ती राहिली होती." मी तिचं बोट तसंच धरून ठेवायला सांगितलं आणि खालून टेप लावला.